अटलांटातल्या मराठी मंडळींना: ३ सप्टेंबरला कॅपिटॉलवर या

अटलांटा आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार.

मी कमिंगमध्ये राहते, सतरा वर्षं झाली. रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकवते. बाराखडी, जोडाक्षरं, आणि 'ळ' जिभेवर बसेपर्यंत जाणारे ते पहिले तीन महिने. तुमच्यापैकी अनेकांची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, म्हणून एवढ्या हक्काने लिहिते आहे.

एप्रिलमध्ये महात्मा फुल्यांच्या जयंतीच्या आठवड्यात मोठ्या मुलांना 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका समजावून सांगत होते. १८७३ साली पुण्यात बसून जोतीरावांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी निरपेक्षपणे झीज सोसली आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, असा त्याचा आशय. मुलांना आश्चर्य वाटलं की आपला माणूस इतक्या लांबून या देशाकडे बघत होता. दहा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "ताई, हे चांगले लोक सगळे गोरेच होते का? काळ्या लोकांनी स्वतः काही केलं नाही?" मी फ्रेडरिक डग्लस सांगितले, हॅरिएट टबमन सांगितल्या. तो म्हणाला, "ते जॉर्जियातले नाहीत. इथला कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. सतरा वर्षं ज्या मातीवर राहिले, जिथे माझी दोन्ही मुलं जन्मली, तिथल्या एका माणसाचं नाव मला सांगता येईना. त्या दुपारी मी ग्रंथालयात गेले. नाव सापडलं आणि त्यानंतरचे काही महिने दुसरं काही फारसं वाचलंच नाही. ते नाव हेन्री मॅकनील टर्नर. मेथडिस्ट बिशप, त्याआधी जॉर्जियाचे आमदार, त्याही आधी पलटणीचे पाद्री. आपल्याच शहरात, साउथ-व्ह्यू दफनभूमीत, त्यांना पुरलं आहे.

टर्नर १८३४ साली साउथ कॅरोलायनात जन्मले. गुलाम नव्हते, पण स्वतंत्र जन्मूनही कापसाच्या शेतात गुलामांच्या बरोबरीनेच राबले. त्याच वर्षी त्या राज्यात कायदा झाला की गुलामांना आणि मुक्त काळ्यांनाही लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा आहे. टर्नर पुढे सांगत की दिवसभर अक्षरांशी झगडून ते झोपायचे आणि रात्री स्वप्नात एक देवदूत येऊन अडलेले शब्द शिकवायचा. पंधरा-सोळाव्या वर्षी ॲबेव्हिलच्या वकिलांच्या कचेरीत झाडलोट करायला लागले. तिथल्या वकिलांनी कायदा बाजूला ठेवून त्या हुशार पोराला वाचायला, हिशेब करायला शिकवलं. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण का फेकलं गेलं हे ज्यांना लहानपणी सांगितलं गेलं, त्यांना हा कायदा समजावून सांगावा लागत नाही.

मेथडिस्ट म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लींनी अठराव्या शतकात सुरू केलेला हा पंथ. वेस्ली तरुणपणी आपल्या सव्हानामध्ये येऊन राहून गेले होते. पुढे त्यांनी गुलामगिरीविरुद्ध अतिशय कडक लिहिलं. अमेरिकेत मात्र त्यांच्या अनुयायांनी ते फार काळ पाळलं नाही. फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना उठवून बाजूला नेऊ लागले, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. त्यातून १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. १८४४ मध्ये गोऱ्यांचं मेथडिस्ट चर्चही फुटलं आणि त्याला कारण झाले जॉर्जियाचे एक बिशप, जेम्स अँड्र्यू, ज्यांच्या मालकीचे गुलाम होते. टर्नरांना १८५३ मध्ये प्रवचनाचा परवाना मिळाला तो या दक्षिणेकडच्या गोऱ्या चर्चकडून. कितीही चांगलं बोललं तरी तिथे आपल्याला वरचं पद मिळणार नाही, हे लक्षात आल्यावर १८५८ मध्ये त्यांनी ॲलन यांच्या चर्चमध्ये प्रवेश केला. बाल्टिमोरला राहून लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले आणि वॉशिंग्टनमधल्या इस्रायल चर्चचे पाद्री झाले.

१ जानेवारी १८६३ चा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्या संध्याकाळी 'इव्हनिंग स्टार'मध्ये छापून येणार होता. टर्नर छापखान्याबाहेरच्या गर्दीत उभे राहिले. पहिला अंक आला, लोकांच्या ओढाताणीत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याचा जाहीरनामा छापलेला तुकडा त्यांच्या हाती लागला आणि तो घेऊन ते पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून जिवाच्या आकांताने धावत सुटले. चर्चपाशी लोक वाट बघत होते. त्यांना उचलून वर चढवलं गेलं, पण छातीचा भाता असा चालला होता की वाचायला आवाज फुटेना. शेवटी कागद दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्याने वाचला. माझ्या वर्गातल्या मुलांना हाच प्रसंग सगळ्यात आवडतो. परवा एकाने वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कागद हातात धरून धावून दाखवलं.

अमेरिकेत तेव्हा उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं. त्याच वर्षी टर्नरांनी आपल्या चर्चच्या आवारात उभं राहून काळ्या तरुणांची सैन्यभरती केली. त्यातून उभी राहिली काळ्या सैनिकांची पहिली केंद्रीय पलटण, आणि लिंकन सरकारने टर्नरांना त्या पलटणीचे पाद्री नेमलं. अमेरिकी सैन्यातल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय पाद्र्यांपैकी ते एक. वय एकोणतीस.

पलटणीच्या पाद्र्याचं काम काय असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. रविवारची प्रार्थना हा त्यातला लहानसा भाग. मेलेल्यांना पुरायचं, घायाळांच्या उशाशी बसायचं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहायची. टर्नर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत देवीच्या रोगाने पडले, त्यातून उठले आणि परत छावणीत आले. विल्सन्स वार्फ, पीटर्सबर्ग, फोर्ट फिशर या लढाया त्यांनी जवळून पाहिल्या आणि फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर' या चर्चच्या वर्तमानपत्राला तिथून पत्रं पाठवली. काळ्यांच्या घरोघरी युद्धाच्या बातम्या पोचत त्यांतल्या काही या पत्रांमधून.

त्या सैन्यात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून घेत. काळ्या पाद्र्यालाही मजुराच्या हिशेबाने १० डॉलरच देऊ केल्याची एक तक्रार लिंकनपर्यंत गेली होती. ती सॅम्युअल हॅरिसन या दुसऱ्या पाद्र्याची. गोळी लागायची तर दोघांनाही सारखीच लागायची. शिपायांच्या पगारातला हा फरक कायद्याने मिटला तो जून १८६४ मध्ये.

मला मात्र अडवून ठेवलं ते स्पेलिंगच्या पुस्तकांनी. टर्नर वरिष्ठांकडे मागणी करत होते ती स्पेलिंगच्या पुस्तकांची. लढाई थांबली की शिपाई चुलीच्या उजेडात अक्षरं गिरवायचे. काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर शिकवणं हा गुन्हा होता, ते गणवेश घालून, बंदूक बाजूला ठेवून, ए-बी-सी म्हणत बसलेले. मी दर रविवारी हेच काम करते, गरम खोलीत, फळ्यासमोर, कोणाची भीती नसताना. त्या पाद्र्याचं चित्र आता मला फळ्याशेजारी दिसत राहतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

युद्ध संपल्यावर टर्नर जॉर्जियात आले. गावोगाव हिंडून त्यांनी चर्चं उभी केली आणि त्याच दौऱ्यात नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांची मतदार म्हणून नोंदणीही करून घेतली. १८६७-६८ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला जे अधिवेशन भरलं, त्यात ते निवडून गेले. तिथे त्यांचा सूर समेटाचा होता. पराभूत दक्षिणी बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याला माफी मिळावी, अशीही बाजू त्यांनी घेतली. काळ्यांना निवडून यायचा हक्क आहे असं स्पष्ट शब्दांत लिहिण्याचा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला नाही. मतदानाचा हक्क आला म्हणजे तो आलाच, असा भरवसा त्यांनी ठेवला. पुढे त्यांना याचा फार पस्तावा झाला.

१८६८ च्या जुलैत मेकनच्या बिब काउंटीतून निवडून आलेले टर्नर विधिमंडळात बसले. दोन्ही सभागृहं मिळून ३३ कृष्णवर्णीय आमदार. याच विधिमंडळाने २१ जुलै १८६८ रोजी अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती मंजूर केली.

चौदावी दुरुस्ती म्हणजे काय, ते आपल्या गटांमधल्या प्रत्येकाला २०२५ च्या जानेवारीत अचानक कळलं. या भूमीवर जन्मलेला तो या देशाचा नागरिक, हे त्या दुरुस्तीचं पहिलंच वाक्य. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या इथे जन्मणाऱ्या बाळांना हे नागरिकत्व यापुढे मिळू नये, असा अध्यक्षीय आदेश त्या महिन्यात निघाला आणि न्यायालयात आव्हानं गेली. तुम्हाला आठवत असेल, त्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत निरोप येत होते. कोणाची सून सहा महिन्यांची गरोदर, कोणाची बहीण नुकतीच एच-वनवर आलेली. मला चार जणींचे फोन आले. दोघी रडत होत्या. आपल्या मुलांच्या निळ्या पासपोर्टामागे हे एक वाक्य उभं आहे. आणि आपल्या राज्याने त्याला होकार दिला तेव्हा त्या सभागृहात टर्नर बसले होते, गुलामीतून तीन वर्षांपूर्वी सुटलेली माणसं बसली होती.

त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, ३ सप्टेंबर १८६८ ला, त्या माणसांना सभागृहातून हाकलून दिलं.

कारण काय, तर नव्या घटनेत काळ्यांना मत द्यायचा हक्क आहे, पण पद धारण करायचा हक्क आहे असं कुठे लिहिलंय? ज्यांना टर्नरांनी समेटाचा हात दिला होता, त्यांनीच हा मुद्दा काढला. जवळपास सगळे गेले. रंग इतका उजळ की काळेपण सिद्धच करता येईना, असे काही थोडे वाचले. पुढे सिनेटनेही तेच केलं.

त्या दिवशी टर्नर सभागृहात बोलायला उभे राहिले. ते भाषण आजही अखंड वाचायला मिळतं आणि मी ते मराठीत उतरवलं आहे. सुरुवातीलाच ते सांगतात की मी या सभागृहाचा सदस्य आहे असं मी मानतो, म्हणून कोणत्याही पक्षापुढे मी लाळ घोटणार नाही, वाकणार नाही, माझ्या हक्कांची भीक मागणार नाही. मग प्रश्न विचारतात: मी माणूस आहे की नाही? असेन, तर माणसाचे हक्क मला हवेत. अडीचशे वर्षं आम्ही तुमची शेतं कसली, तुमची पिकं घरात आणून टाकली, तुमचा देश उभा केला. त्याबदल्यात काय मागतो? आमच्या बापजाद्यांच्या घामाची भरपाई मागतो का? नाही. झालं गेलं मातीला मिळू दे. आम्ही आमचे हक्क मागतो, आज.

आणि मग, पलटणीच्या पाद्र्याच्या तोंडून येतं म्हणून अंगावर येणारं एक वाक्य. देश काळ्या माणसाचं रक्षण करत नसेल तर काळा माणूस देशाचं रक्षण करू शकत नाही. उद्या युद्ध पेटलं, तर जो देश माझं माणूसपण नाकारतो त्याच्यासाठी मी बंदूक उचलणार नाही. पाचच वर्षांपूर्वी या माणसाने स्वतः पोरं भरती केली होती. त्यांच्यातल्या किती जणांना स्वतःच्या हाताने पुरलं होतं.

सोळा दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दक्षिण जॉर्जियात कॅमिला गावाकडे सभेला चालत निघालेल्या काळ्या माणसांवर गोळीबार झाला. हाकललेल्या आमदारांपैकी फिलिप जॉइनर त्या मोर्च्यात होते. डझनभर माणसं मारली गेली. एब्रम कोल्बी नावाच्या आमदाराला मुखवटेवाल्यांनी रात्री घरातून ओढून जंगलात नेऊन तासन्‌तास चाबकाने फोडलं. सिनेटर ट्युनिस कॅम्पबेल यांना पुढे तुरुंगात घालून कैदी मजूर म्हणून भाड्याने दिलं. केंद्र सरकारच्या दडपणामुळे १८७० च्या जानेवारीत या आमदारांना परत घ्यावं लागलं, पण पुढच्या निवडणुकीत दहशत आणि लबाडीने त्यांना पुन्हा बाहेर काढण्यात आलं. दरम्यान टर्नरांना मेकनचं पोस्टमास्तरपद मिळालं होतं, तेही काही आठवड्यांत गेलं.

तारखा जुळवून पाहिल्या की जीव गलबलतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये अर्पणपत्रिका लिहिली, तेव्हा जॉर्जियात हे सगळं घडून गेलं होतं. ज्या मुक्तीकडे ते पुण्याहून इतक्या आशेने पाहत होते, ती इथे उधळली गेली होती. बातमी पुण्याला पोचली असती तर जोतीरावांनी काय लिहिलं असतं, याचा मी खूप वेळा विचार करते. मला वाटतं, अर्पणपत्रिका त्यांनी काढून टाकली नसती. त्यांनी टर्नरांचं नाव तीत घातलं असतं.

राजकारणाची दारं बंद झाल्यावर टर्नर पूर्ण वेळ चर्चकडे वळले. सव्हानाला पाद्री होते, १८८० मध्ये बिशप म्हणून निवडून आले. अटलांटाचं मॉरिस ब्राउन महाविद्यालय त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं. १८८५ मध्ये साराह ॲन ह्यूज या बाईंना त्यांनी डीकन, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या पायरीच्या धर्मगुरू, म्हणून दीक्षा दिली. त्यांच्या चर्चमध्ये असं कोणी केलंच नव्हतं. दोन वर्षांत चर्चने ती दीक्षा रद्द केली. तरीही दिली तेव्हा दिलीच.

१८९८ मध्ये त्यांनी लिहिलं की देव काळा आहे. प्रत्येक समाज आपल्या रूपात देव पाहतो, मग आम्हीच का निळ्या डोळ्यांचा गोरा देव पुजायचा? त्यांच्यावर सगळीकडून टीका झाली. आपल्याला मात्र हे वाक्य ऐकून दचकायचं काहीच कारण नाही. आपला विठोबा सावळा. कटेवर हात ठेवून उभा असलेला काळा दगड बघून ज्यांच्या आयांचे डोळे भरून येतात, ती आपण माणसं. पण त्याच आपल्या घरांत लग्न जमवताना 'मुलगी गोरी आहे ना' हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि मुलीच्या कॉलेजातला काळा मित्र घरी आला की आवाज बदलतात. हे मी माझ्या नात्यात पाहिलं आहे, तुमच्यापैकी काहींच्या घरी पाहिलं आहे. पंढरपूरला गेलेल्यांनी चोखोबांची समाधी महाद्वारापाशी पाहिली आहे, देवळाच्या आत नव्हे. अटलांटातही काळ्या माणसांची प्रेतं गोऱ्यांच्या दफनभूमीत मागच्या फाटकातून, चिखलातून न्यावी लागत. म्हणून गुलामीतून सुटलेल्या काही माणसांनी १८८६ मध्ये साउथ-व्ह्यू ही स्वतःची दफनभूमी काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांनाही १९६८ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं.

टर्नरांची प्रत्येक गोष्ट मला पटते असं नाही. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्कांचा कायदा मोडून काढला, तेव्हा त्यांचा या देशावरचा विश्वास पार उडाला आणि काळ्यांनी आफ्रिकेत परत जावं असं ते सांगू लागले. स्वतः आफ्रिकेला चार वेळा गेले. १८९५ आणि १८९६ मध्ये सव्हानाहून लायबेरियाला निघालेल्या दोन जहाजांतून काही शे माणसं गेली. त्यांतली कित्येक तापाने मेली, कित्येक हाल सोसून परतली. तिथे काय वाढून ठेवलंय हे त्यांना नीट सांगायला हवं होतं, आणि ती जबाबदारी टर्नरांवरही येते. पण ज्याला त्याच्याच सभागृहातून रंगावरून काढलं, त्याने 'इथे आपलं काही नाही' म्हणावं, हे मला समजतं. १९०६ मध्ये मेकनच्या परिषदेत ते म्हणाले की काळ्या माणसासाठी अमेरिकेचा झेंडा हे एक घाणेरडं फडकं आहे. त्याच झेंड्याखाली ते पलटणीबरोबर चालले होते. यातलं दुःख ज्याला दिसणार नाही त्याला काय सांगू!

८ मे १९१५ ला कॅनडातल्या विंडसर गावी, चर्चच्या कामासाठी गेले असताना, ते वारले. ज्या देशावर विश्वास उरला नव्हता त्याच्या भूमीवर त्यांना मरण आलं नाही, पण माती अटलांटाचीच मिळाली. त्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. टर्नरांवर मृत्युलेख लिहिणारे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. आपला काय संबंध, असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे सांगते आहे.

कारण हा प्रश्न मला विचारला गेला आहे. काही आठवड्यांपूर्वी आपल्याच माणसांच्या एका बैठकीत मी सुचवलं की या वर्षी मुलांची सहल कॅपिटॉलला, म्हणजे राज्याच्या विधानभवनाला, आणि साउथ-व्ह्यूला नेऊया. उत्तर आलं, राजकारण नको. दुसरं आलं, तो ख्रिस्ती बिशप, आपल्या कार्यक्रमात कशाला? तिसऱ्या कोणीतरी म्हटलं की नेहमीसारखं स्टोन माउंटनला जाऊ, मुलांना डोंगर चढायला आवडतो. विषय तिथेच संपला. मी त्या दिवशी गप्प बसले, याची मला खंत आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते.

रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई ज्या भाषेत लिहून गेल्या, त्या भाषेच्या माणसांना ख्रिस्ती धर्मगुरू परका वाटावा, याचं मला वाईट वाटतं. राजकारणाचं म्हणाल, तर तुमच्या बाळाच्या जन्मदाखल्यात ते शिरलेलंच आहे. आणि स्टोन माउंटन. तिथे कड्यावर जे तीन घोडेस्वार कोरले आहेत, त्यांतला एक जेफर्सन डेव्हिस. ज्याच्या माफीसाठी टर्नर बोलले, तो डोंगराएवढा झाला. टर्नर गेले त्याच वर्षी, १९१५ च्या नोव्हेंबरात, त्याच डोंगराच्या माथ्यावर क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लान ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना पुन्हा स्थापन झाली. आपण तिथे पोह्यांचे डबे घेऊन जातो, खाली हिरवळीवर अंताक्षरी खेळतो. मीही खेळले आहे. डोंगर चढू नका असं मी म्हणत नाही. मुलांना तिथे काय घडलं ते सांगा, एवढंच.

फोर्साइथमध्ये राहणाऱ्यांशी आणखी एक शब्द. १९१० च्या जनगणनेत आपल्या काउंटीत १,०९८ काळी माणसं होती. १९१२ च्या शरदात, टर्नर अटलांटात म्हातारपण काढत असताना, रात्री-अपरात्री घरांवर गोळ्या झाडून, चर्चं जाळून त्या जवळजवळ सगळ्यांना हाकलून दिलं. पुढे अनेक दशकं ही काउंटी गोऱ्यांपुरतीच राहिली. १९८७ च्या जानेवारीत इथे बंधुभावाचा मोर्चा निघाला तेव्हा त्यावर दगड पडले आणि पुढच्या आठवड्यात हजारो लोक परत चालायला आले. त्यानंतरच रंगीत कातडीच्या माणसांना इथे घर घेणं शक्य झालं. माझं घर अशा जमिनीवर उभं आहे. मी गणपती बसवते त्या दिवाणखान्याखाली कोणाची तरी शेती होती का, मला माहीत नाही, पण हा प्रश्न आता मनातून जात नाही.

कॅपिटॉलच्या आवारात, सोनेरी घुमटाच्या सावलीत, जॉन रिडल या शिल्पकाराने सत्तरच्या दशकात घडवलेलं एक ब्राँझ शिल्प आहे. कृष्णवर्णीय आमदारांच्या गटाने ते करवून घेतलं. त्यावर लिहिलं आहे, 'रंगामुळे हाकललेले'. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाकावर एक वृद्ध काळे गृहस्थ डबा उघडून जेवत होते. मी शिल्पावरची नावं वहीत उतरवून घेते आहे हे पाहून त्यांनी विचारलं, तू कुठली? म्हटलं, भारतातली, महाराष्ट्रातली. ते म्हणाले, टर्नरचं नाव नीट लिहून घे. आणि डब्यातला अर्धा पीच कोबलर माझ्यापुढे केला.

तेव्हा माझी विनंती अशी. ३ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता या शिल्पापाशी जमू. मार्टा रेल्वेने आलात तर पार्किंगची कटकट नाही. घोषणा नाहीत, फलक नाहीत, कोणत्याही पक्षाचं काही नाही. मुलं टर्नरांच्या भाषणाचे उतारे मराठीत वाचतील, एक मुलगी मूळ इंग्रजीत वाचेल. तिथून जोन्सबरो रोडवर साउथ-व्ह्यूला जाऊन फुलं वाहू. ज्या मंडळांना, ज्या शाळांना यात सामील व्हायचं असेल त्यांनी जरूर व्हावं, बॅनर मात्र घरी ठेवावेत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आलेले आहेत त्यांनी त्यांनाही आणा. सावलीत बसायला चार घडीच्या खुर्च्या मी आणते.

उतारे चार केले आहेत. 'मी माणूस आहे का' हा एप्रिलमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलाने मागून घेतला, त्याचा पाठही झाला आहे. भीक मागणार नाही हा उतारा त्याच्या बहिणीकडे, अडीचशे वर्षांच्या घामाचा अल्फारेटाच्या एका मुलीकडे. बंदुकीचा उतारा अजून कोणाकडेच नाही. तो मोठ्या माणसाने वाचावा असं मला वाटतं, शक्य झालं तर इथल्या सैन्यात नोकरी केलेल्या एखाद्या मराठी मुलाने किंवा मुलीने. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्यांना हे पत्र दाखवा.

आपली,
कमिंगची मराठीची ताई